क्लेमेंट मामा आणि मास्तरणीचा उन्हाळा

आमच्या गावात कुत्री माणसांपेक्षा जास्त आणि मांजरं बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे क्लेमेंट मामाच्या घरात मांजर आलं, ही गावाच्या दृष्टीने मोठीच बातमी होती.

क्लेमेंट पिटका हा माझ्या आईचा चुलतभाऊ. सगळं आयुष्य त्याने आमच्या विमानपट्टीवरचा बर्फ काढण्यात घालवलं. युकॉन नदीच्या काठावरच्या या गावाला रस्ता नाही. येणारं-जाणारं सगळं नदीवरून नाहीतर आकाशातून. तेव्हा मामाने यंत्र चालवलं नाही, तर गावाला ना दूध, ना डाक, ना डॉक्टर. पण या गोष्टीचा त्याने कधी तोरा मिरवला नाही. मुळात तो बोलायचाच कमी. घरात बोलायचं काम युनिस मामीचं. ती दोघांच्या वाटचं बोलायची, आणि तो दोघांच्या वाटचं ऐकायचा.

त्या हिवाळ्यात मामी फेअरबँक्स शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मूठमाती झाली, गावजेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मग मामा घरात बसला तो बसलाच. नदीवरचा बर्फ फुटला, त्याचे तराफे वाहून गेले, लोकांनी होड्या पाण्यात घातल्या. मामाची होडी काठावर उलटी पडलेलीच. झोपायचाही नाही. मी गावच्या दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. रक्तदाब मोजायला गेले की विचारायचे, "मामा, झोप लागली का?" तो म्हणायचा, "लागेल कधीतरी."

शाळेला मे महिन्यात सुट्टी लागली. शेजारच्या घरात राहणारी केंड्रा मास्तरीण सामान बांधून निघाली आणि जाताना मांजराची पेटी मामाच्या हातात देऊन गेली. "ऑगस्टपर्यंत सांभाळाल ना? आई आजारी आहे हो, तिकडे हिला नेता येत नाही." मामी गेली तेव्हा हीच पोरगी रोज ताजा पाव भाजून आणत होती. मामाला नाही म्हणता आलं नाही. मांजर राखाडी रंगाचं, वर्षाचंही नसेल. तिचं नाव केंड्राने काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, ते मामाच्या जिभेवर बसेना. तो तिला मास्तरीणच म्हणू लागला.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मास्तरीण खिडकीत बसून कुत्र्यांकडे तुच्छतेने बघायची, मामा तिच्याकडे बघायचा. मग जूनमध्ये एका सकाळी माझ्या रेडिओवर त्याचा आवाज आला. आमच्याकडे घराघरात एकमेकांशी बोलायचा रेडिओ चालूच असतो; एकाशी बोललं की सगळं गाव ऐकतं.

"रोझान, लगेच ये. हिचं कंबरडं मोडलंय."

"कुणाचं मामा?"

"मास्तरणीचं. पुढून जमिनीला चिकटलीये, मागून वर उठलीये. शेपूट एका बाजूला. गडाबडा लोळते नि असं ओरडते की काळीज फाटतं."

मी काही बोलणार, तेवढ्यात दुकानातून फिलोमिना मावशी मध्ये घुसली. ही युनिस मामीची धाकटी बहीण. मामाला चिडवायचा परवाना तिच्याकडे जन्मभराचा.

"दाजी, कंबरडं नाही मोडलेलं. तिला नवरा पाहिजे!"

रेडिओवर चारी बाजूंनी हसण्याचा फवारा उडाला. मामाने बटण सोडलं ते दिवसभर पुन्हा दाबलं नाही.

मी जाऊन पाहिलं. मावशीचं खरं होतं. मांजरी माजावर आली होती. पाठीवरून हात फिरवला की मागचे पाय आपोआप वर. दुखत कुठेच नव्हतं, पण डोळ्यांत अशी तगमग की बघवेना. मी म्हटलं, आठवडाभरात उतरेल.

आठवडा गेला. उतरलं नाही. मध्ये एखादा दिवस जरा शांत, की पुन्हा सुरू. आणि मास्तरणीने सूर लावला की टेकाडावरची सगळी बर्फगाडीची कुत्री त्याला साथ द्यायची. एकाने नरडं वर केलं की चाळीसांची नरडी वर. रेडिओवर लोक बोलायला लागले.

"क्लेमेंट, तुझी गायिका गप कर रे."

"माझं पोरगं झोपत नाही, आता मीच तिकडे येऊन रडतो."

भरीस भर म्हणजे मावशीचा बोका. गावातला एकुलता एक बोका, पाद्र्यासारखा पांढऱ्या गळ्याचा, म्हणून मावशीने त्याचं नाव ठेवलं होतं बिशप. हा बिशप सगळे धर्म सोडून मामाच्या पायरीवर तळ ठोकून बसला. दाराच्या चौकटीवर पिचकाऱ्या मारून त्याने घराला असा वास आणला की मी नाकाला रुमाल लावून आत जायचे.

मावशी म्हणाली, "दाजी, कशाला जिवाचे हाल करता? लग्न लावून टाका दोघांचं. पिल्लं झाली की बसेल गप. माझ्या दुकानात उंदीर आहेतच, दोन मी घेते."

"आणि बाकीची?"

"बाकीची गावाला आहेर."

मामा वैतागून जवळजवळ तयार झाला होता. मला म्हणाला, "रोझान, मला हिचं ओरडणं ऐकवत नाही गं. कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय आणि पलीकडून ओ येत नाही, असं वाटतं."

हे बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग मात्र मी दवाखान्यात जाऊन फेअरबँक्सच्या टेस डॉक्टरला फोन लावला. दर उन्हाळ्यात कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला ती गावोगाव फिरते. तिने सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "तुमच्याकडे सूर्य मावळतो का सध्या?"

"नावापुरता."

"मग तिचा माज कसा मावळेल? मांजराचं शरीर उजेडावर चालतं. दिवस मोठा झाला की त्याला वाटतं, आला विणीचा हंगाम. तुमच्याकडे रात्रच नाही, म्हणजे तिच्या लेखी हंगाम संपतच नाही. बोका लागला नाही तर एक फेरा संपायच्या आत दुसरा सुरू होतो."

मी मावशीची योजना सांगितली.

"मुळीच नको. ती स्वतःच पोर आहे. आणि पिल्लं झाली तरी काही आठवड्यांत पुन्हा हेच. यावर खरा उपाय एकच, ऑपरेशन. मी ऑगस्टमध्ये तुमच्या गावात येतेच आहे. तोवर तिला काळोख द्या. दिवसातला बराच वेळ, रोज ठरल्या वेळी, अगदी मिट्ट काळोख. बोका दारातसुद्धा नको. दाराची चौकट धुऊन काढा. तिच्यावर ओरडू नका, ती मुद्दाम करत नाहीये. खेळवा, दमवा, अंगाखाली ऊबदार काहीतरी द्या. आणि कुणाच्या घरातली उरलेली गोळी द्यायची नाही, हे बजावून सांगते. माज दाबायच्या गोळ्या असतात, पण त्यातून गर्भाशय सडू शकतं."

बजावलं ते बरंच झालं, कारण मावशीने तोवर तिच्या सुनेच्या संततिनियमनाच्या गोळ्यांचं पाकीट शोधून ठेवलं होतं.

मामाच्या घरात मिट्ट काळोख होईल अशी जागा एकच: स्वयंपाकघराला लागून असलेली आतली खोली. तिथे मामी शिवण करायची. मणी, कातडी, बेरीच्या मुरंब्याच्या बरण्या, सगळं तिथेच. मामी गेल्यापासून ते दार उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, मी आवरते खोली." तो म्हणाला, "नको. तू चौकट धू."

मी बाहेर बिशपच्या पराक्रमावर व्हिनेगर ओतून घासत होते. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग बरण्या हलवल्याचा आवाज. मग चांदीच्या कागदाची खसखस. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच झोपायला खिडकीला चांदीचा कागद लावतात. मामाने मात्र आजवर कधी लावला नव्हता; त्याचे उन्हाळे नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर जायचे. त्याने तो लावला, त्यावर मूस हरणाचं कातडं ठोकलं, दाराच्या फटीला गोधडी दाबली. मामीने अर्धवट सोडलेला मण्यांचा बूट त्याने फडताळात वर ठेवला आणि तिचा लोकरीचा जुना कोट खाली अंथरला, मांजरासाठी.

मास्तरीण काळोखात गेली, पण एकटी राहीना. दार खरवडून काढलं. शेवटी मामाने आपली खाटही आत नेली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर दार बंद, आत सामसूम. घाबरून ढकललं. मामा घोरत होता! छातीवर मांजर, आणि तीही झोपलेली. मी गोधडी परत फटीला लावली आणि पाय न वाजवता बाहेर आले. त्या दिवशी रेडिओवर मीच सांगितलं, "क्लेमेंट मामाकडे कुणी जाऊ नका. माणूस झोपलाय."

दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला. ओरडणं कमी झालं. कुत्री आपापल्या कामाला लागली. जागेपणी मामा तिला दोरीला बांधलेलं बदकाचं पीस नाचवून दाखवायचा. विमानपट्टीवरचं अवजड यंत्र चालवणारा तो माणूस, गुडघ्यावर बसून पीस नाचवतोय! मावशी दारातून बघून म्हणाली, "ताईला एवढं नाचवलं असतं तर—"

"तुझी ताई मला नाचवायची," मामा म्हणाला. किती महिन्यांनी त्याच्या तोंडून मामीचा विषय निघाला होता. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिने बिशपला उगाचच एक शिवी हासडली.

पण माज पुरता उतरला नाही. आवाज मंदावला तरी तगमग आतल्या आत चालूच. जुलैच्या मध्यावर तिने खाणं टाकलं. मामा पांढऱ्या माशाचं पाणी करून बोटाने चाटवायचा. अंगाची काडी झाली. मी पुन्हा टेसला फोन केला, तर ती आमच्या नदीच्या खालच्या अंगाच्या गावात, शाळेच्या व्यायामशाळेत मुक्कामाला.

"काळोखानेही थांबत नाही म्हणजे कदाचित अंडाशयावर गाठ असेल," ती म्हणाली. "पाण्याची गाठ. ती असली की शरीराला माजावरून उतरायचा हुकूमच मिळत नाही. ऑगस्टची वाट बघू नका. मीच आले असते, पण विमान नाही."

विमान नव्हतं कारण धूर होता. उत्तरेकडचं रान पेटलं होतं. तीन दिवस पट्टीवर काही उतरलं नव्हतं. मी हे मामाला सांगितलं. तो मांजराच्या बरगड्यांवरून बोट फिरवत ऐकत होता. मग उठला आणि टोपी घातली.

"कुठे निघालास?"

"होडी सुलटी करायला."

काठावर बातमी आमच्याआधी पोहोचली. चार माणसांनी होडी पाण्यात ढकलली. मावशी इंजिनाच्या तेलाचा डबा आणि धुरवलेल्या माशांची पिशवी घेऊन आली आणि तणतणली, "ऐन धुरात नदीवर चालला! ताई असती तर कान उपटले असते." मग हळूच माझ्या कानात, "त्याला एकटं सोडू नकोस." मी दवाखान्याची किल्ली जोडीदारणीला देऊन आधीच होडीत बसले होते.

मास्तरीण मासे ठेवायच्या पेटीत, वर ताडपत्री, म्हणजे तिच्यापुरता काळोख. धूर इतका की पलीकडचा काठ दिसत नव्हता. मामा पाण्याचा रंग बघून होडी हाकत होता. कुठे वाळू वर आलीये, कुठे वाहून आलेलं झाड बुडालंय, सगळं त्याला पाठ. मधूनच पेटीतून आवाज यायचा. मामा न बघताच म्हणायचा, "आलो गं, आलो."

अर्ध्या वाटेवर धूर फारच दाटला. मामाने इंजिन हळू केलं आणि होडी काठाला लावली. वर बघितलं तर त्यांचाच मासेमारीचा तळ. मामी आणि तो सगळं आयुष्य दर उन्हाळ्यात इथे राहायचे. आता किंग जातीचे सामन मासे पूर्वीसारखे येत नाहीत, जाळं टाकायला बंदी असते, तरी मामी हट्टाने यायची, नुसती राहायला. या वर्षी कुणी आलं नव्हतं. अस्वलाने झोपडीचं दार ओरबाडून पाडलं होतं. मामा पेटी कवेत घेऊन वर चढला.

मला वाटलं, आता हा कोसळणार. तो आत गेला, मामीची काळी किटली खिळ्याला होती तिला हात लावला, बाहेर येऊन ओंडक्यावर बसला.

"रोझान, मला वाटायचं, इथे आलो की ती नाही हे खरं होईल." त्याने पेटी मांडीवर घेतली. "पण घरात तरी कुठे खोटं होत होतं!"

आम्ही मासा खाल्ला, मामाने चिमूटभर चघळून मास्तरणीच्या तोंडाला लावला. तिने चाटला. धूर जरा विरळ झाल्यावर निघताना मामा दाराकडे बघत म्हणाला, "बिजागऱ्या लागतील." एवढंच.

व्यायामशाळेत कुत्र्यांची ही रांग. टेसने मास्तरणीला बघितल्याबरोबर सगळी रांग थांबवली. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल, वर टांगलेला दिवा. मी हात धुऊन मदतीला उभी राहिले; माणसांच्या जखमा शिवल्यात, पण हातात मावेल एवढा जीव समोर कधी नव्हता. मामा दाराबाहेर उभा. काचेतून त्याची टोपी तेवढी दिसत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

टेसचा अंदाज बरोबर निघाला. दोन्ही अंडाशयांवर पाण्याने टच्च भरलेल्या गाठी, लाल बेरीच्या आकाराच्या. सगळं काढून, टाके घालून झाल्यावर तिने मामाला आत बोलावलं आणि ताटलीत त्या गाठी दाखवल्या.

"हे बघा. यामुळे थांबत नव्हतं. तुम्ही काळोख केलात म्हणून ती एवढी तरी टिकली."

मामाने ताटलीकडे पाहिलंच नाही. तो टेबलाकडे बघत होता. "श्वास घेतेय ना?"

"तुमच्यापेक्षा संथ घेतेय. बसा खाली, नाहीतर तुम्हालाच टेबलावर घ्यावं लागेल."

तो बसला. मग विचारलं, "इतके दिवस तिला दुखत होतं का हो?"

टेस हातमोजे काढत म्हणाली, "दुखणं म्हणण्यापेक्षा चैन नव्हती. जीव थकून गेला होता. आता झोपेल."

आम्ही दोन दिवस तिथेच, शाळेच्या फरशीवर पथारी टाकून राहिलो. मामा त्या गावातल्या जुन्या दोस्तांना भेटला. त्यांनी मूसचं कालवण आणलं, मामीच्या आठवणी काढल्या, आणि मी पाहिलं की तो नुसता ऐकत नव्हता, आपणही सांगत होता. एकदा तर तो हसला, तेव्हा मास्तरणीने डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

घरी आल्यावर आठवडाभरात तिची तगमग निवली. खायला लागली, मग चोरून खायला लागली. ऑगस्टमध्ये केंड्राचा फोन दवाखान्यात आला. आईचं दुखणं वाढलं होतं, ती परत येणार नव्हती. रडवेल्या आवाजात म्हणाली, "मांजराला विमानात घालून पाठवता येईल का? मामांना त्रास झाला असेल खूप."

मी मामाला विचारायला गेले. तो बूट घालत होता. जरा थांबला. "तिला हवी असेल तर पाठवू. तिचीच आहे." मग बुटाची नाडी नको तेवढी ओढत म्हणाला, "पण तिला सांग, मास्तरणीची नोकरी आमच्या गावात कायम झालीये. बदली होत नाही इथून."

मी शब्दाला शब्द सांगितलं. केंड्रा रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "मग राहू दे. फोटो मात्र पाठवत जा."

धूर निवळल्यावर टेस आमच्या गावी आली तेव्हा सर्वांत आधी मामाने बिशपला काखोटीला मारून आणलं. मागून मावशी ओरडत आली, "दाजी, सोडा त्याला! पुरुषाची जात आहे, त्याची अब्रू घालवताय!"

"अब्रू माझ्या चौकटीवर किती सांडलीये ते रोझानला विचार," मामा म्हणाला. मावशीला हसू फुटलं, आणि तिने बोक्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

सप्टेंबरात मामा बिजागऱ्या घेऊन तळावर गेला. मांजराला मी सांभाळते म्हटलं तर म्हणाला, "नको, ती येतेय." तिथे त्याने दार बसवलं, छपराची डागडुजी केली, आणि पहिलं हिम पडायच्या आत दोन बादल्या बेरी घेऊन परतला. मुरंबा करायचा म्हणून मावशीला बोलावलं. दोघं साखर किती यावरून कडाकडा भांडत होती, आणि मी दारात उभी राहून ऐकत होते, कारण बादल्या, बरण्या आणि मधोमध पसरलेली मास्तरीण, आत शिरायला जागाच नव्हती.